इंदुताईंचा डावा पाय

आमच्या गावात इंदुताईंशी कधी कोणी भांडलं नाही. पण त्यांच्या दारात इतकी माणसं येत असून त्यांच्याशी कोणी धड बोललंही नाही, हे माझ्या ध्यानात यायला सहासष्ट वर्षं जावी लागली. मी शाळामास्तर होतो. मास्तर माणसाला सगळं उशिराच कळतं, कारण त्याला आधी शिकवायची घाई असते.

आर्णीहून आठ किलोमीटरवर आमचं गाव. गावाच्या टोकाला, जिथून शेतांकडे जाणारी पांदण सुरू होते, तिथं इंदुताईंचं घर. समोर छोटं अंगण, मग पुढची खोली, मधली खोली आणि मागे स्वयंपाकाची. किसनराव, म्हणजे त्यांचे यजमान, अकरा वर्षांपूर्वी गेले. मुलगा रजत वणीला कोळशाच्या ट्रकांचा हिशेब पाहणाऱ्या एका कचेरीत आहे. तो पोळ्याला येतो, दिवाळीला येतो, आणि मधे फोन करतो. तीन एकर शेत बटईनं दिलेलं. वाट्याचा कापूस घरात येतो आणि भाव बरा होईपर्यंत मधल्या खोलीत आढ्यापर्यंत रचून पडतो. तीन महिने माणसापेक्षा कापसालाच घरात जागा जास्त असते, आणि त्याच्या धुळीनं इंदुताई दरवर्षी खोकत असतात.

आता मुख्य गोष्ट. इंदुताई पायाळू आहेत. पायाळू म्हणजे जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात ते माणूस. अशा माणसाचा पाय पाठीला लागला की चमक जाते, असं आमच्याकडे मानतात. चमक म्हणजे उसण. ती भरली की वाकलेला माणूस सरळ होत नाही आणि सरळ असलेला वाकत नाही.

त्यांचा जन्म बाभुळगावकडचा. आई रात्रभर अडली आणि उजाडताना आधी डावा पाय आला. आई वाचली याचा आनंद सुईणीनं नंतर केला. आधी बाहेर येऊन पोरगी पायाळू आहे हे सांगितलं. पोरगी चार वर्षांची झाली तशी तिला पहाटे झोपेतून उचलून आणू लागले आणि तिचं पाऊल धरून आडदांड माणसांच्या पाठीला लावू लागले. एकदा त्या मला म्हणाल्या होत्या, "गुरुजी, मले वाटे का मोठी माणसं सकाळी पालथीच पडत असतीन. सगळ्याच गावात." आभाळ गरजलं की त्यांना घराबाहेर पडू देत नसत, कारण पायाळू माणसावर वीज पडते म्हणे. त्यात पावसाळ्यातली निम्मी शाळा बुडाली. चौथीनंतर उरलेली निम्मीही बुडाली. लग्नासाठी पाहायला गेले तेव्हा त्यांच्या सासऱ्यांनी पोहे खायच्या आधी स्वतःची पाठ पुढं केली, असं किसनरावच हसत सांगायचे.

अशा रीतीनं आमच्या गावाला पायाळू सून मिळाली आणि पंचक्रोशीच्या पाठीची सोय झाली. पण या कामाचे नियम फार कडक. सकाळी उपाशीपोटी यायचं. घर सोडल्यापासून परत घरी पोचेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. पुढच्या खोलीत, उंबऱ्याच्या अगदी आत, पालथं पडायचं. डोकं बाहेरच्या बाजूला, तोंड जमिनीकडे. दुखतं तिथं हात ठेवायचा आणि काढून घ्यायचा. मग इंदुताई मागून यायच्या आणि त्या जागी डावा पाय तीनदा लावायच्या. तीनदाच. त्याही बोलायच्या नाहीत. मग उठून सरळ घरी चालू लागायचं, मागं वळून पाहायचं नाही. पाहिलं किंवा बोललं तर चमक परत येते. पैसे द्यायचे नाहीत, काही न्यायचं नाही. बरं वाटलं तर शनिवारी मारुतीला नारळ फोडायचा. म्हणजे पाय इंदुताईंचा आणि नारळ मारुतीचा.

गरज सरो, वैद्य मरो म्हणतात. पण वैद्याशी निदान गरज असेपर्यंत तरी बोलावं लागतं. इथं तेही नाही. एखाद्याची चमक गेली तर तो इंदुताई रस्त्यात दिसल्यावर नुसता मान हलवायचा, कारण उगाच विषय काढून दुखणं कशाला जागं करा. किसनराव होते तोवर घरात बोलणं होतं. ते गेल्यावर सकाळी पाठी यायच्या आणि पाठी जायच्या. त्यांना गावातले चेहरे कमी आणि पाठी जास्त ओळखू येत असतील, असं मी एकदा थट्टेनं म्हणालो होतो. त्यावर त्या हसल्या नाहीत. "हाव जी," म्हणाल्या, "पाठ पाह्यली का सांगतो कोणाची."

रजतला मुलगी झाली तेव्हा मात्र त्या आपण होऊन आमच्याकडे आल्या होत्या. पोर पोटात उलटं होतं, म्हणून वणीच्या डॉक्टरांनी पोट फाडून बाळंतपण केलं. नाव खुशी ठेवलं. इंदुताईंचा प्रश्न असा, की पोट फाडून काढलं तर पाय आधी आले म्हणायचं का? माझ्या बायकोनं, मंजुषानं, त्यांना चहा दिला. मी खुर्चीत बसून शाळेतल्यासारखं समजावलं की असं काही नसतं, आता सगळ्या उलट्या पोरांचं सिझर होतं, त्यामुळे तुमच्यानंतर पायाळू कोणी होणारच नाही, आणि झालं ते बरंच. त्यांनी चहा संपवला. "मंग मीच शेवटची," म्हणाल्या. मला तेव्हा त्यात विशेष काही वाटलं नाही.

मी असाच होतो. तेहतीस वर्षं दर वर्षी अंधश्रद्धेवर मुलांना एक तास द्यायचो, आणि त्यात पायाळूचं उदाहरण न चुकता यायचं. मुलं घरी जाऊन सांगायची आणि त्यांचे बाप दुसऱ्या दिवशी पहाटे इंदुताईंकडे जायचे. मला राग यायचा. मी इंदुताईंना कधी वाईट बोललो नाही, पण त्यांच्या दारात जाणाऱ्यांना फार हसलो.

गेल्या जानेवारीत मी मोजे घालायला वाकलो आणि तसाच राहिलो. पाठीत चमक भरली. आर्णीहून गोळ्या आणल्या, पट्टा आणला, गरम पाण्याची पिशवी झाली. दोन दिवस मी पलंगावर एका कुशीवर पडून भिंतीला शिव्या देत होतो. मंजुषा म्हणाली, "जाऊन या ना इंदुताईकडे. कोणाले कळते?" मी म्हणालो, माझं डोकं अजून ठिकाणावर आहे. ती काही बोलली नाही. बोलली नाही म्हणजे ती जिंकणार हे तिला माहीत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी, सहाच्या सुमारास, ती मागे पाणी तापवत होती तेव्हा मी तोंडाला मफलर गुंडाळून निघालो. अंगात तिनंच विणलेलं हिरवं स्वेटर होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, हे वाक्य मी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल. थंडी हाडांत मुरणारी होती. रस्त्यात कोणी नव्हतं आणि मी भिंतीला धरून, वाकून, चोरासारखा चाललो होतो.

इंदुताईंच्या अंगणात सडा पडलेला होता. दाराची एक फळी उघडी, एक लोटलेली. आत अंधार. आत पाहायचं नसतं म्हणून मी मान खाली घातली, उंबरा ओलांडला, कसाबसा वळलो आणि पालथा पडलो. चमकेच्या जागी हात ठेवला आणि काढून घेतला.

थोडा वेळ काहीच झालं नाही. लोटलेल्या फळीच्या आडून श्वास ऐकू येत होता. भरभर, अर्धा अर्धा. कापसाची धूळ, मी मनात म्हणालो. मग पाय लागला. मला वाटलं होतं वरून येईल, पण तो बाजूनं आला, जमिनीलगत घासत. एक. बराच वेळ गेला. दोन. तीन. मी उठायला हात टेकले तर चौथा लागला. मग पाचवा. मी पुन्हा पडून राहिलो. सहावा, सातवा. आणि खरं सांगतो, मला आतून गुदगुल्या झाल्या. गावाला तीन आणि मास्तरांना सात. इतकी वर्षं यांना नावं ठेवली, पण बाईंनी मान राखला, असं मला वाटलं.

मी उठलो आणि सरळ झालो. दुखणं हत्तीच्या पायानं येतं आणि मुंगीच्या पायानं जातं म्हणतात, पण माझं अर्धंअधिक तिथंच गेलं. गोळ्यांनी गेलं की पायानं, ते देव जाणे. मी मागं न पाहता घरी आलो.

"कुठी गेलते जी?" मंजुषानं विचारलं.

"फिराले."

तिनं माझ्या सरळ पाठीकडे पाहिलं आणि गालात हसली. घरी पोचलो होतो, आता बोलायला हरकत नव्हती. मी खरं सांगितलं असतं तर तिनं पुढं विचारलं असतं, इंदुताई कशा आहेत? मी म्हणालो असतो, धापा टाकत होत्या. मंजुषा हातातला चहा तसाच सोडून उठून गेली असती. तिचा तो स्वभावच आहे. पण मला तिला जिंकू द्यायचं नव्हतं. मी दोन पोळ्या खाल्ल्या आणि पेपर वाचत बसलो.

आमच्याकडे नळ एक दिवसाआड अकराला येतो. पांदणीकडच्या नळावर इंदुताईंचा नंबर कायम पहिला, पाण्याची निळी गुंडी ठेवलेली असायची. त्या दिवशी गुंडी नव्हती. बायकांनी त्यांना सोडून नंबर लावले. मंजुषाला मात्र चैन पडेना. ती स्वतःचं पाणी तसंच टाकून त्यांच्या घरी गेली आणि तिथून तिनं हाक मारली. तशी हाक मी लग्नाला चाळीस वर्षं झाली तरी कधी ऐकली नव्हती.

इंदुताई लोटलेल्या फळीच्या मागे, भिंतीला टेकून, एका बाजूला कलंडून बसल्या होत्या. ओठ काळेनिळे. श्वास घेताना मान उडत होती. पाय समोर पसरलेले, डावा पाय उंबऱ्याकडे.

काय झालं ते नंतर तुकड्या तुकड्यांनी कळलं. आदल्या संध्याकाळी बटईदारानं वेचणीचा कापूस आणून मधल्या खोलीत टाकला होता. त्या पाचला उठल्या, सडा घातला, आणि अंग गरम व्हावं म्हणून कापूस तुडवायला ढिगावर चढल्या. ढीग तुडवून दाबला की पुढच्या वेचणीला जागा होते. दरवर्षी त्या एकट्याच तुडवायच्या. काठाचा कापूस निसटला आणि त्या पाठीवर पडल्या, गव्हाच्या लोखंडी कोठीच्या कडेवर. दोन फासळ्या मोडल्या. घासत घासत दारापर्यंत आल्या. तिथं दम संपला.

रजतला फोन केला. त्याला वणीहून यायला वेळ लागणार होता, म्हणून गावातल्या नागोरावांच्या जीपमध्ये आम्हीच त्यांना यवतमाळला नेलं. मंजुषा मागे त्यांना धरून बसली होती. मी पुढं बसलो होतो आणि हिशेब करत होतो. पाचनंतर पडल्या. साडेपाचपर्यंत दाराशी आल्या असतील. सहाला मी. अकराला मंजुषा. सहा ते अकरा, पाच तास. हा हिशेब मी वाटेतलं जवळा गाव येईपर्यंत केला, आणि यवतमाळ येईपर्यंत पुन्हा पुन्हा केला. मागून त्यांचा श्वास ऐकू येत होता. तोच, अर्धा अर्धा. मी कोणाला काही बोललो नाही.

डॉक्टरांनी सांगितलं, फासळीचं टोक फुफ्फुसाला लागलं आहे, आत हवा साचली आहे. बरगड्यांमधून नळी घातली. म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. मी बाहेर येऊन बाकावर बसलो. माझी पाठ ठणठणीत होती. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नाही.

पंधरा दिवसांनी त्या घरी आल्या. रजत आठवडाभर राहिला. सून वैष्णवी आणि खुशी रविवारी येऊन गेल्या. रजत म्हणाला, आई, वणीले चाल. त्या नाही म्हणाल्या. त्यानं दोनदा आग्रह केला, तिसऱ्यांदा केला नाही, आणि नोकरीवर गेला. कापूस विकला गेला. मधली खोली रिकामी झाली आणि बोललं की आवाज घुमू लागला.

आता त्यांना डावा पाय उचलला की पाठीत कळ येते आणि दम लागतो. गावात ते पसरलं. चमक भरलेली माणसं आर्णीला गोळ्या आणायला जाऊ लागली. आधी न बोलता का होईना, सकाळी दारात कोणी यायचं. आता तेही बंद झालं. तरीही त्या पाचला उठतात आणि दार उघडून बसतात. मंजुषा सकाळचा चहा माझ्या हाती देते आणि मी तो थर्मासमध्ये घेऊन जातो. पहिले चार-पाच दिवस मी नुसता कप भरून द्यायचो, हवापाण्याचं बोलायचो आणि उठायचो. त्यांना काही माहीत नसावं अशी माझी आशा होती. तोंड मफलरमध्ये होतं, अंधार होता.

एका सकाळी त्यांनी कप खाली ठेवला.

"गुरुजी, त्या दिवशी तुम्हीच आलते ना?"

माझ्या हातात थर्मासचं झाकण होतं. मी ते लावलं, पुन्हा काढलं.

"हाव," मी म्हणालो.

"हिरवं सुटर. मंजुषानं माह्या समोरच विणलं ते." त्या थांबल्या, दम घेतला. एका वाक्याला त्यांना आता दोन दम लागतात. "तुमची पाठ पहिल्यांदाच पाह्यली म्या."

"इंदुताई, आवाज काहून नाई दिला?"

"कुठून देऊ जी? श्वास आत घेतला का पाठीत असं खुपसल्यावाणी होये. हात उचलेना. पाय तेवढा चाले." त्यांनी पायाकडे पाहिलं, शेजारी बसलेल्या माणसाकडे पाहावं तसं. "पहिले तीन लावले, ते तुमचे. तुम्ही दुखणं घेऊन आलते, तुम्हाले रिकामं कसं धाडू? मंग म्हटलं, आता आपलं सांगू. लावतच राह्यली. म्हटलं, तीनच्या वर गेलं का माणूस मांगं पाह्यते. दुसरा कोणी असता तं मले भरोसा नव्हता. पण म्हटलं गुरुजी हायेत, गुरुजी मोजतीन."

अंगणात एक चिमणी सड्यातलं काही टिपत होती. मी तिच्याकडे पाहत राहिलो. त्यांच्याकडे पाहण्याची हिंमत माझ्यात नव्हती.

"मोजले नाई का तुम्ही?" त्यांनी विचारलं. रागानं नाही. विचारायचं राहिलं होतं, ते विचारलं.

"नाई," मी म्हणालो. "दुखण्यात ध्यान नव्हतं."

"तेही खरंच हाये." त्यांनी कप उचलला. चहा गार झाला होता, तरी प्यायल्या. "जाऊ द्या. चमक गेली ना पण?"

"गेली."

"मंग झालं," त्या म्हणाल्या.

मी थर्मास घेऊन घरी आलो. मंजुषानं विचारलं, काय म्हणत होत्या? मी म्हणालो, काही नाही.

मी मोजले होते. सात पाठीवर. आणि आठवा उठताना टाचेला लागला होता, हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. तो पाय थरथरत होता, तेही मला कळलं होतं. मागं पाहिलं तर चमक परत येते, म्हणून मी पाहिलं नाही.